उघडा नळ आणि आमची गोलकीपर

शाळेत पीटीच्या बाईला खरी बाई कुणी समजत नाही. गणिताच्या सरांना ताप आला की त्यांचा तास पीटीकडे, साहेब येणार असले की रांगा पीटीकडे, आणि पंधरा ऑगस्टला झेंडा वर जाऊन उलगडला नाही तर सगळ्यांच्या माना वळणार त्याही पीटीकडेच. शिट्टी, घसा आणि फक्कीची पिशवी एवढ्या भांडवलावर मी नोकरीची सगळी वर्षं काढली. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी भुकटी. दुष्काळात ती मिळेनाशी झाली तेव्हा आम्ही घरोघरची चुलीतली राख आणून रेघा मारायचो. वारा सुटला की मैदानाची हद्द उठून शेजारच्या शेतात जायची.

नातवंडं विचारतात, आजी तू फुटबॉल खेळायचीस का? मी खुशाल हो म्हणते. खरं सांगायचं तर मी बॉलला पाय लावला तो फक्त एकदा, शिकवताना, आणि माझा कॅनव्हासचा बूट बॉलच्या पुढे गेला. पोरींनी बूट आणून दिला. हसल्या नाहीत, कारण माझ्या गळ्यात शिट्टी होती. साडीचा पदर खोचून, छाती काढून मी अशी उभी राहायचे की जणू सगळी फौज माझ्याच हुकुमानं हलणार आहे. आज त्या वेळचा फोटो बघितला की वाटतं, हिच्या कानाखाली एक वाजवावी आणि मग हिला चहा पाजावा.

मी मूळची हदगावची. नोकरी लागली जळकोटला. जळकोट तेव्हा तालुका व्हायचं होतं, पण लातूर नुकताच जिल्हा झाला होता. लातूरला जावं तर नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, खुर्च्यांवर नवे साहेब. पाऊस तेवढा जुना, म्हणजे न येणारा. विहिरींच्या तळाशी बेडूकसुद्धा राहिले नव्हते.

अशात एक दिवस क्रीडा खात्याचे साहेब जीपमधून शाळेत आले. विभागाचे सामने नांदेडला होते आणि यंदा मुलींचा फुटबॉलही धरला होता. प्रत्येक जिल्ह्याचा संघ आला पाहिजे. आपला जिल्हा नवा, त्याची जागा मोकळी राहिली तर जुने जिल्हे हसतील, असं त्यांचं म्हणणं. लातूर-उदगीरच्या शाळांनी हात वर केले होते. हेडसरांनी नको म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी बोलून गेले, "आहे साहेब, आमचा संघ आहे."

माझ्याकडे होता खो-खोचा संघ. साहेबांची जीप धुरळ्यात दिसेनाशी झाल्यावर हेडसर म्हणाले, "बाई, फुटबॉल कुठाय?"

फुटबॉल साहेबांनी नंतर पाठवला. नियम मात्र माझे मलाच मिळवावे लागले. उदगीरच्या एका शाळेतले पीटीचे सर ते जाणून होते. त्यांनी मला उदगीरच्या बसस्टँडवर, माझी गाडी सुटेपर्यंत, सगळा फुटबॉल सांगितला. हात लावायचा नाही, लावायचा तर फक्त गोलकीपरनं, धक्का द्यायचा नाही, कॉर्नर म्हणजे काय, पेनल्टी म्हणजे काय. पण त्या दिवशी गाडी नेमकी वेळेवर सुटली, म्हणून ऑफसाइड राहून गेलं. ते मला पुढे कैक वर्षं कळलं नाही. कुणी विचारलंच तर मी शिट्टी वाजवायचे.

सरावाची खरी अडचण पाण्याची होती. संध्याकाळी शाळा सुटली की पोरींना पाणी भरायचं काम. मैदानाच्या कडेला हापसा होता, म्हणजे हातानं मारायचा बोअर. तो थोडं पाणी देऊन थकायचा, मग बराच वेळ नुसती हवा ओकायचा, मग पुन्हा थोडं पाणी. त्यामुळे माणसं उभी न राहता घागरी रांगेत उभ्या राहायच्या. ज्याची घागर त्याचा नंबर, आणि तो कुणी मोडायचा नाही, हा गावचा कायदा. आमच्या पोरी येताना घागरी घेऊन यायच्या, रांगेत लावायच्या आणि मैदानात उतरायच्या. एक डोळा बॉलवर, एक घागरीवर. हापशाला पाणी चढलं की बॉल जिथं असेल तिथं सोडून अकराच्या अकरा पळायच्या, आपापली घागर पुढं सरकवायच्या आणि परत यायच्या. मला वाटायचं, असू दे, यानं दम वाढतो.

जमीन काळी, तडकलेली. भेगा अशा की बॉल त्यात जाऊन बसायचा आणि पोरी त्याला वाकून काढायच्या. मी हँड म्हणून शिट्टी मारावी की नाही, या विचारात दिवस मावळायचा.

त्यात आमची एकच पोरगी खरी खेळाडू. महानंदा. गावातले किराणा दुकानदार शिवलिंगअप्पा, त्यांची थोरली. अप्पा लिंगायत, कपाळावर भस्माचे पट्टे, बोलणं मोजकं, दुकानातला तराजू आणि जीभ दोन्ही सारखीच काटेकोर. महानंदा दहावीत होती. खो-खोत ती पळणाऱ्या गड्यावर असा सूर मारायची, म्हणजे अंग हवेत झोकून द्यायची, की बघणारा डोळे मिटून घ्यायचा. तिला गोलमध्ये उभं करायचं हे माझ्या फुटबॉलच्या कारकिर्दीतलं एकमेव अकलेचं काम. गळ्यातल्या इष्टलिंगाची चांदीची डबी ती खेळाच्या आधी रुमालानं छातीशी घट्ट बांधायची आणि मग मान हलवून सांगायची की आता मारा.

एकदा घागर डोक्यावर घेता घेता ती मला म्हणाली होती, "बाई, मला मॅट्रिक होऊन नर्सच्या कोर्सला जायचं हाय. अप्पाला तुम्ही सांगताल का?"

सांगते म्हणाले. पण मी सांगायच्या आधी अप्पांनीच विषय काढला. मी नांदेडची परवानगी मागायला गेले होते, बाकी दहा घरांतून ती कशीबशी मिळाली होती. दहाही घरांतल्या बायांनी एकच प्रश्न विचारला होता, दोन दिवस आमचं पाणी कोण भरंल? त्याची तजवीज मी नववीच्या पोरांना हापशाला जुंपून केली होती. अप्पांचा प्रश्न मात्र पाण्याचा नव्हता. उदगीरची एक सोयरीक चालून आली होती. पोराचं कापडाचं दुकान, माणसं चांगली. आम्ही रविवारी नांदेडहून परत येणार आणि सोमवारी ती माणसं महानंदाला बघायला येणार.

अप्पा साखर तोलत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, साहेबाला शब्द दिलात म्हनून नेऊन राहिल्या, न्या. पन पोरगी जशी नेली तशी आना. तोंडावर खरचटा सुदिक नगं."

मी म्हणाले, "हो अप्पा."

"लगीन होळीच्या पुढं-मागं करू. शाळा काय, झाली तेवढी लई झाली."

दुकानाच्या पायऱ्या उतरता उतरता मी हिशेब मांडला. पोरगी धडधाकट आणली की सोमवारी तिची शाळा संपली. पोरीला लागलं की माझा शब्द गेला, आणि जळकोटातली कुठलीही आई माझ्यासोबत पोरगी पुन्हा गावच्या वेशीपर्यंतही पाठवणार नाही. काय व्हावं म्हणून देवाला सांगू तेच कळेना. माझ्या जागी शहाणी बाई असती तर ती अप्पांशी तिथंच दोन शब्द बोलली असती. मी अर्धा शेर गूळ घेतला आणि घरी आले.

नांदेडपर्यंत दोन गाड्या बदलाव्या लागल्या. प्रत्येक थांब्याला मी पोरींची डोकी मोजायचे. एकदा बारा भरली आणि मी घाबरून गाडी थांबवली. कंडक्टर म्हणाला, बाई, तुमचं सवताचं डोकं मोजलंत का? पोरी खिडकीबाहेर तोंड करून हसत होत्या. भावांच्या हाफ पँटी, त्यावर शाळेचा स्कर्ट, डोक्याला लाल रिबिनी, असा आमचा गणवेश.

मैदान बघितलं आणि सगळ्या काठावरच थबकल्या. हिरवं होतं. पायाखाली दबणारं, ओलं, खरोखरचं गवत. एका पोरीनं चपला काढल्या, मग सगळ्यांनी काढल्या, देवळात शिरताना काढतात तशा ओळीनं. नाहीतरी त्या अनवाणीच खेळणार होत्या. पण खरा घोटाळा गोलच्या मागं होता. तिथं एक नळ होता, त्याला रबरी पाइप, आणि तो पाइप गवतात टाकून नळ पूर्ण उघडा सोडलेला. पाणी वाहून वाहून मागं डबकं झालं होतं.

सामना सुरू झाला. समोरचा संघ मोठ्या शहराचा, पोरींच्या पायात बूट. आमचा बॉल गवतावर उडेना, आमच्या पोरींना उडणाऱ्या बॉलची सवय. तरी त्या जिवावर उदार होऊन पळत होत्या. माझं लक्ष मात्र महानंदाच्या तोंडाकडे. बॉल तिच्या दिशेनं आला की माझे हात आपोआप माझ्याच गालांवर जायचे. ती वाकून, बसून, पायांनी, छातीनं बॉल अडवत होती, पण सूर मारत नव्हती. अप्पांनी तिलाही सांगितलं असणार. आणि मधूनच ती मागं वळून नळाकडे बघत होती.

नळाजवळ मैदानाचा एक माणूस खुर्ची टाकून बसला होता. महानंदानं त्याला सांगितलं, काका, नळ बंद करा. तो म्हणाला, असू दे, गोदावरीला काय कमी हाय.

थोड्या वेळात आमच्या पोरींनी बॉल पार समोरच्या टोकाला नेला. सगळं मैदान तिकडं धावलं, मीही काठाकाठानं धावले, ओरडत, साडी सांभाळत. वाटलं, आता गोल होतोय. तो झाला नाही. त्यांच्या एका पोरीनं बॉल उंच परतवला, दुसरीनं पळत आणला, आणि मी मागं वळून बघते तर आमच्या गोलमध्ये कुणीच नाही.

महानंदा नळापाशी होती. नळ फिरवून फिरवून बंद होत नव्हता, वायसर गेलेला. तिनं डोक्याची रिबीन सोडली होती आणि नळाच्या तोंडाला गुंडाळत होती. बॉल सावकाश, कुणाला काही घाई नसल्यासारखा, मोकळ्या गोलमधून आत गेला.

रेफरीनं शिट्टी मारली. समोरच्या पोरी नाचायला लागल्या. मी डोक्याला हात लावला. आमच्या दहा पोरी धावत महानंदाकडे गेल्या, मला वाटलं आता हिला फाडून खातात. पहिली जी पोचली तिनं विचारलं, "झाला का गं बंद?"

जीपवाले साहेबही सामना बघायला आले होते, ते माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "बाई, ही मुलगी वेडी आहे का?"

"नाही साहेब," मी म्हणाले, "जळकोटची आहे."

मध्यंतरात ती माझ्याजवळ आली. खाली बघून म्हणाली, "मी भरून देते बाई." आणि दुसऱ्या अर्ध्यात ती सूर मारायला लागली. डावीकडे, उजवीकडे, पायांत, खांबाला घासून. ती सगळं अप्पा आणि उदगीर आणि सोमवार विसरली होती. मी विसरले नव्हते. मी काठावरून ओरडत होते, महे, जपून, महे, तोंड सांभाळ. असा कोच जगात कुणी पाहिला नसेल. एक बॉल खांबाच्या आतून जाणार तेवढ्यात तिनं अंग झोकलं, बॉल बोटांनी बाहेर काढला, आणि तिची हनुवटी खांबावर आपटली.

एका गोलानंच हरलो. दवाखान्यात डॉक्टरांनी टाके घातले तेव्हा तिनं माझा हात धरला होता. सुई बघून डोळे मीच मिटले. ती म्हणाली, बाई, तुम्ही बसा ना.

परतीच्या गाडीत मी सगळ्या पोरींना एक गोष्ट पाठ करायला लावली. महानंदा नांदेडला धर्मशाळेत ओल्या फरशीवरून घसरली. कुणी विचारलं तर हेच. खेळताना लागलं म्हणायचं नाही. पोरींनी कवितेसारखं म्हणून दाखवलं.

अप्पा स्टँडवरच उभे होते. महानंदा उतरली. हनुवटीला पट्टी, पट्टीवर वाळलेलं रक्त. अप्पा बघत राहिले. मी फरशी म्हणायला तोंड उघडलं, पण माझ्या मागून सगळ्यात धाकट्या पोरीनं सुरू केलं, अप्पा, तिथं नळ चालू व्हता, नुसताच सांडून राहिला व्हता, म्हनून महानंदाक्का गोल सोडून गेली, मग आमच्यावर गोल झाला, मग तिनं लई अडवले, मग लागलं. झालं, माझी धर्मशाळा तिथंच कोसळली.

अप्पांनी लेकीला विचारलं, "मग बंद झाला का नळ?"

"रिबीन बांधली अप्पा. तरी थेंब थेंब गळूनच राहिला."

"वायसर गेला असंल," अप्पा म्हणाले, आणि तिची पिशवी उचलली.

सोमवारी उदगीरची माणसं आली नाहीत. अप्पांनीच निरोप धाडला होता. तोंडाला ताजी जखम असलेली पोरगी दाखवत नाहीत, माणसं नाही नाही ते विचारतात. टाके निघू देत, मग बघू. मी सुटकेचा निःश्वास टाकला, पण अर्धाच. टाके निघायला किती वेळ लागतो?

टाके निघाले. पुन्हा बोलणं झालं, माणसं यायचं ठरलं. त्याच आठवड्यात सरावात महानंदाचा गाल सोलवटला. काळ्या भेगाळ जमिनीवर पडलं की कातडी खिसणीवर घासल्यासारखी निघते. पुन्हा निरोप. खपली पडली, पुन्हा माणसं ठरली, आता कपाळ. मी देवाचे आभार मानत होते आणि रात्री झोपत नव्हते. आज कातडी गेली, उद्या डोळा गेला तर? अप्पा दुकानात माझ्याकडे बघेनासे झाले होते. साखर तोलायचे, पुडी सरकवायचे. मी इतकी हुशार की मला वाटत होतं, पोरीचं दैव खराब आहे.

मग एका संध्याकाळी माझ्या डोळ्यांसमोर एक बॉल गोलच्या चांगला हातभर बाहेरून चालला होता. तिनं त्याच्यावर सूर मारला. उठली तेव्हा हनुवटी पुन्हा लाल. सगळ्या पोरी घागरी सरकवायला पळाल्या होत्या. मी तिच्याजवळ गेले.

"महे, बॉल बाहेर चालला होता."

"हाव बाई."

"मग?"

तिनं ओढणीनं हनुवटी पुसली. "परवा मानसं येऊन राहिलीत."

मी हापशाकडे बघितलं, शाळेकडे बघितलं, आजूबाजूला कुणी नव्हतं. तिला थांबवायला हवं होतं. बाईचं काम तेच. पण मी खाली बसले आणि मला तेवढं एक येत होतं ते तिला शिकवलं. पडताना आधी खांदा टेकव, मग कूस, हनुवटी छातीत घाल. लागलं पाहिजे तर कोपराला लागू दे, गालाला वरवर, हाडाला नको. दात एकमेकांवर ठेव. ती लक्ष देऊन ऐकत होती, परीक्षेला येणार असल्यासारखी. माझ्या साडीला माती लागली. आयुष्यात मी कुणाला इतकं मनापासून शिकवलं नाही, आणि शिकवताना इतकी भ्यालेही नाही.

मॅट्रिकची परीक्षा जवळ आली. मी काड्यापेटी घ्यायला दुकानात गेले. गिऱ्हाईक नव्हतं. अप्पांनी काड्यापेटी पुढं केली आणि हात तसाच ठेवला.

"बाई, पोरीला सांगा, आता पडनं बंद कर म्हनाव."

मी काड्यापेटीचं दुसरं टोक धरलं.

"परीक्षा होईस्तोर मी कुनाला बलावून राहिलो न्हाई. पुढचं पुढं. एक डोळा गेला म्हंजे नर्स तरी कोन करंल तिला?"

त्यांना कधी कळलं, कसं कळलं, मी विचारलं नाही. मैदान दुकानाच्या मागच्या खिडकीतून दिसतं, हे माझ्या त्याच दिवशी लक्षात आलं. काड्यापेटी घेऊन मी शाळेपर्यंत जवळजवळ धावत गेले. महानंदाला निरोप सांगितला. ती भिंतीला टेकून बसली आणि बराच वेळ रडली, आणि मग विचारलं, अप्पा रागात व्हते का? मी म्हणाले, तराजू हलत नव्हता.

त्यानंतर आमच्यावर लई गोल झाले. आमचं बघून उभ्या राहिलेल्या शेजारच्या गावच्या संघानं तर गोल मोजायचंच सोडून दिलं. महानंदा गोलमध्ये उभी राहून बॉलकडे असं बघायची, जसं पाहुण्याकडे बघतात.

ती मॅट्रिक झाली, नर्सिंगला गेली, पुढं लग्नही झालं, तिच्या पसंतीनं आणि अप्पांच्या. सगळ्याच पोरींचं असं झालं नाही. त्या अकरांतल्या कितीतरी जणी दुसऱ्याच वर्षी घागरीसकट दुसऱ्या गावच्या हापशाला लागल्या. त्यांच्या तोंडावर ओरखडा नव्हता. त्यांची आठवण आली की मी गाडीतल्यासारखी डोकी मोजायला लागते, आणि हे लिहितानाही मोजतेय.

मागल्या हिवाळ्यात माझ्या नातीचा सामना लातूरला होता. तिच्या पायात स्टडचे बूट, हातात गोलकीपरचे हातमोजे, आणि तिची आई काठावरून ओरडत होती, अगं पड ना, पड! महानंदा माझ्या शेजारी बसली होती, निवृत्त सिस्टर, केस पांढरे, हनुवटीवर ती जुनी पांढरी रेघ. मी इतकी वर्षं पोटात ठेवलेलं विचारून टाकलं.

"महे, खरं सांग. नांदेडचा तो सूर, हनुवटी फुटली तो. तो बॉलसाठी होता, का उदगीरच्या माणसांसाठी?"

तिनं हनुवटीवरून बोट फिरवलं.

"तो बॉलसाठीच व्हता बाई. त्याचा उपयोग व्हतो, ते घरी आल्यावर कळलं."